"अगं कच्चं आहे ते!" – पोर्क चॉप्स, सफरचंदं आणि मम्मी

आमच्या वसईत सफरचंद म्हणजे आजारी माणसाला बघायला जाताना न्यायची वस्तू. हॉस्पिटलच्या बाहेरच्या गाडीवरून किलोभर घ्यायची, पेशंटच्या उशाशी ठेवायची, पेशंट घरी आला की पुढचे पंधरा दिवस घरातले सगळे सफरचंदं खाऊन वैतागणार. कापून मीठ-मसाला लावून खाल्ली असतील फार तर. पण ती फोडणीला, आणि तीसुद्धा डुकराच्या मटणाबरोबर? कोणी सांगितलं असतं तर मी हसले असते.

आणि डुकराचं मटण आम्हाला नवीन नाही हां. मराठी लोकांत पोर्क म्हटलं की बरेच जण नाक मुरडतात पण आम्ही वसईचे ख्रिश्चन, आमच्याकडे लग्न काय, नाताळ काय, पोर्क नाही तर जेवण नाही. इंद्याल तर पाहिजेच. मिरच्या-लसूण-जिरं शिरक्यात, म्हणजे व्हिनेगरमध्ये, वाटायचं, चरबीवाले चौकोनी तुकडे, मंद आचेवर तास-दीड तास, वर तेल सुटेपर्यंत, आणि खरी चव दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. गोव्याच्या विंदालूचा भाऊच तो, दोघांचं मूळ पोर्तुगीजांचं वाईन आणि लसणातलं मटण, पोर्तुगीज वसईत १५३४ ते १७३९ होते त्यामुळे एवढं तर ठेवून जाणारच. मुद्दा हा की माझ्या हाताला पोर्क म्हणजे चरबी, आंबट आणि भरपूर वेळ एवढंच माहीत होतं. जास्त शिजलं तरी काही बिघडत नाही, उलट अजून मऊ होतं. विसरून टीव्ही बघत बसलात तरी चालतं.

चार वर्षांपूर्वी आम्ही रॉचेस्टरला आलो, न्यूयॉर्क राज्यातलं रॉचेस्टर, न्यूयॉर्क शहरापासून गाडीने पाच-साडेपाच तास लांब, वर लेक ऑन्टारिओच्या काठाला. लोकांना वाटतं न्यूयॉर्क म्हणजे उंच बिल्डिंगी, इथे आमच्याकडे बिल्डिंगी कमी आणि सफरचंदं जास्त. बाजूच्या वेन काउंटीत तळ्याच्या कडेकडेने मैलोनमैल बागा आहेत, तळ्याचं गार पाणी वसंतात हवा लवकर गरम होऊ देत नाही म्हणून मोहर उशिरा येतो आणि गोठवणाऱ्या थंडीत जळत नाही असं एका बागवाल्याने सांगितलं. सप्टेंबर-ऑक्टोबरला सगळे सहकुटुंब बागेत जातात, पैसे भरून पिशवी घ्यायची आणि आपणच तोडायची. पहिल्या वर्षी आम्ही हौसेने दोन मोठ्या पिशव्या भरल्या. माणसं दोन, सफरचंदं वीस-बावीस किलो, आणि आजारी कोणीच नाही.

म्हणून पोर्क चॉप्स.

पहिल्या वेळचं पटकन सांगून टाकते कारण आठवलं तरी लाज वाटते. दुकानातून सगळ्यात स्वस्त ते बिनहाडाचे पातळ चॉप आणले, अर्धा इंच जाडीचे, पांढरेफट्ट, चरबी नावालाच. त्यांना आलं-लसूण, हळद आणि मम्मीने बांधून दिलेला बॉटल मसाला, आमच्याकडचा बाटलीत भरून ठेवायचा मिश्र मसाला, चोळला, पॅनमध्ये टाकले, वरून मॅकिन्टॉश सफरचंदाच्या फोडी, झाकण, आणि पंचवीस मिनिटं. घरचं डोकं, पोर्क आहे म्हणजे शिजू दे नीट. झाकण काढलं तर सफरचंदं गायब, सगळा गोळा झालेला, बिनसाखरेचा मुरांबा म्हणा. आणि मटण, नवऱ्याने सुरी चालवली, परत चालवली, मग शांतपणे विचारलं "याला चप्पलचा अंगठा कुठे लावायचा?" मी म्हटलं गप खा. खाल्लं बिचाऱ्याने, जबडा दुखला म्हणून दुसऱ्या दिवशी ऑफिसात कमी बोलला असेल.

मी कंटाळून बाजूच्या आजीला सांगितलं. आजी म्हणजे शेजारीण, पंच्याहत्तरीची, तिचं बालपण इथल्याच सफरचंदाच्या बागेत गेलेलं, अजून स्वतः बर्फ उपसते. तिने सगळं ऐकून घेतलं, किती मिनिटं म्हणालीस हे दोनदा विचारलं, आणि म्हणाली, "ते डुक्कर आधीच मेलं होतं गं, परत कशाला मारलंस?" मग किचनमध्ये बसवून शिकवणी घेतली. अर्ध्याहून जास्त तर ती सफरचंदांवरच बोलली. मॅकिन्टॉश खायला आणि सॉसला, शिजवलं की विरघळणारच, त्यात तुझी चूक नाही. फोड अख्खी राहायला पाहिजे तर ग्रॅनी स्मिथ घे, हनीक्रिस्प घे, पण खरं म्हणजे नॉर्दर्न स्पाय घे. हे स्पाय इथलंच, रॉचेस्टरच्या खाली ईस्ट ब्लूमफिल्ड म्हणून गाव आहे तिथे साधारण १८०० सालच्या आसपास सापडलेली जात. उशिरा तयार होतं, ऑक्टोबर संपता संपता, दिसायला काही खास नाही, पण आंबटगोड आणि शिजवलं तरी मोडत नाही, पायसाठी लोक हेच शोधतात. दुकानात फारसं नसतं, बागेवरच जावं लागतं.

पोर्कबरोबर सफरचंद कशाला हेही तिनेच सांगितलं, म्हणजे तिला तो प्रश्नच विचित्र वाटला. तिच्या लहानपणी झाडाखाली पडलेली, किडकी सफरचंदं डुकरांना जायची, आणि थंडी पडली की डुक्कर कापायचं, म्हणजे दोन्ही एकाच वेळेला घरात, मग एकाच पॅनमध्ये पडणार नाही तर काय. हे ऐकलं आणि माझ्या डोक्यात एकदम लख्ख पडलं, अरे हे तर आपलं सुकटीत कैरी! सुकट उग्र, कैरी आंबट, दोन्ही एकाच उन्हाळ्यात घरात. तेव्हापासून मला सफरचंद-पोर्क विचित्र वाटायचं बंद झालं. इंद्यालमध्ये शिरका करतो तेच काम इथे सफरचंद करतं, चरबी कापायचं, फक्त वर जरा गोड.

आणि शेवटी तिने ड्रॉवरमधून एक थर्मामीटर काढला, टोकदार दांडीचा, मटणात खुपसायचा. म्हणाली मिनिटं मोजू नकोस, हे बघ. १४५ फॅरनहाइट.

दुसरी वेळ. यावेळी जाड चॉप आणले, सव्वा इंच, हाडासकट. काउंटरवरच्या माणसाला सांगितलं तर तो कापून देतो, रिब चॉप मागायचा, बरगडीचं हाड एका बाजूला आणि कडेला चरबीची पट्टी. पण त्या दिवशी काउंटर बंद होता म्हणून मी फ्रीजमधलं पॅक उचललं. एका ठिकाणी वाचलं होतं की चॉप आधी मिठाच्या पाण्यात ठेवायचे, लिटरभर पाण्याला ५० ग्रॅम मीठ आणि थोडी साखर, तास-दोन तास, म्हणजे मटण पाणी धरून ठेवतं आणि कोरडं होत नाही. मी म्हटलं दोन तासांनी ओलं राहतं तर रात्रभर ठेवल्यावर काय होईल! आपला स्वभाव. सकाळी फ्रीजमधून काढले, संध्याकाळी केले, थर्मामीटर बरोबर, रंग मस्त, कापल्यावर रस पण निघाला. पहिला घास घेतला आणि दोघांनी एकमेकांकडे बघितलं. सुका बोंबील न धुता खाल्ला तर कसा लागेल तसं. कचऱ्यातून पॅकचं कव्हर काढून वाचलं तर खाली बारीक अक्षरात, यात १२ टक्क्यांपर्यंत सोल्यूशन आहे, पाणी, मीठ वगैरे. म्हणजे कंपनीने आधीच टोचलेलं होतं आणि त्यावर मी रात्रभर समुद्रात बुडवलं. तेव्हापासून पोर्क घेताना मी किंमत नंतर बघते, आधी ते बारीक अक्षर. आणि मीठ चमच्याने नाही, वजनाने. इथलं जाडं कोशर मीठ आणि साधं बारीक मीठ एका कपात खूप वेगळं भरतं, एका ब्रँडचं तर जवळजवळ अर्ध्या वजनाचं.

ते चॉप्स बारीक चिरून पेजेबरोबर तोंडी लावायला संपवले, चार दिवस पुरले. वाया नाही घालवले, मम्मीने ऐकलं असतं तर मारलं असतं.

इतकं वाळकं मटण मुळात का असतं इथे, हा पण प्रश्न मला पडायचा. आपल्या गावच्या डुकराला बोटभर चरबी. इथे पूर्वी तशीच डुकरं होती म्हणे, चरबीसाठीच पाळायची, मग लोक वनस्पती तेलाकडे गेले, चरबी नको झाली आणि डुकरं पण बारीक केली. १९८७ मध्ये तर पोर्कवाल्यांनी जाहिरातच केली की हे दुसरं पांढरं मटण आहे, म्हणजे चिकनसारखं. झालं, चिकनसारखं करायला गेले आणि चिकनसारखंच कोरडं झालं. चॉप हा पाठीचा भाग, तिथे तर अजूनच कमी चरबी. इंद्यालला आपण पोटाचं-खांद्याचं घेतो, त्यात चरबी असते, शिरा असतात, त्या तासाभराने वितळून चिकट रस्सा होतो. चॉपमध्ये वितळायला काही नाहीच, जितकं शिजवाल तितकं फक्त पाणी जाणार. हे कळल्यावर माझी अर्धी भीती गेली.

उरलेली अर्धी मम्मीबरोबर विमानाने आली.

मम्मी गेल्या वर्षी सप्टेंबरात आली, सहा महिन्यांसाठी, येताना सुकट, बॉटल मसाला आणि शिरक्याची बाटली घेऊन, बाटली तीन टॉवेलांत गुंडाळलेली. ऑक्टोबरच्या शेवटी आम्ही तिला बागेत नेलं, स्पाय तोडून आणले, आणि मी म्हटलं आज मी करते, तू बस. ती बसली, पण किचनमध्येच खुर्ची घेऊन, म्हणजे परीक्षेला सुपरवायझर बसतो तशी.

आता केलं कसं ते नीट सांगते. चार रिब चॉप, कापून घेतलेले, सोल्यूशन नसलेले. आदल्या रात्रीच दोन्ही बाजूंनी मीठ लावून ताटलीत उघडेच फ्रीजमध्ये ठेवलेले, ही पाण्यापेक्षा सोपी पद्धत, मीठ आत जातं आणि वरची बाजू सुकते. सुकी असली तरच ती लाल होते, ओली असली की पॅनमध्ये उकडल्यासारखं होतं, म्हणून करायच्या आधी परत पेपर टॉवेलने टिपले. कडेच्या चरबीला सुरीने तीन-चार चिरा, नाहीतर ती आकसते आणि चॉप वाटीसारखा वाकतो, मग मधला भाग पॅनला लागतच नाही. बिडाचा जाड पॅन चांगला तापवला, थोडं तेल, आणि सगळ्यात आधी चॉप चिमट्याने उभे धरले, चरबीच्या बाजूवर, दोन-तीन मिनिटं. चरबी सुटायला लागली की जो वास येतो ना, तो वसईचाच वास. मम्मी खुर्चीवरून उठली. मग आडवे टाकले, प्रत्येक बाजू तीनेक मिनिटं, मध्ये मध्ये उलटत. इथे स्मोक अलार्म वाजला, तो दर वेळी वाजतोच, नवरा वर्तमानपत्र घेऊन त्याच्याखाली वारा घालत उभा राहिला, मम्मीला वाटलं पोलीस येतात की काय.

थर्मामीटर बाजूने खुपसायचा, वरून नाही, टोक मधोमध आलं पाहिजे आणि हाडाला लागता कामा नये, हाडाजवळ आकडा चुकीचा येतो. १४० झालं की मी चॉप काढून ताटात ठेवते, कारण बाहेर काढल्यावरही आतली उष्णता चालू असते, चार-पाच मिनिटांत परत बघायचं, १४५ च्या वर गेलेलं असतं. नाही गेलं तर परत पॅनमध्ये, सॉसबरोबर.

त्याच पॅनमध्ये, पॅन धुवायचा नाही हां, तळाला जे लालसर चिकटलेलं असतं तेच सोनं, एक चमचा लोणी, एक कांदा उभा चिरून, मग दोन सफरचंदांच्या जाड फोडी, सालासकट. त्या हलवत बसायच्या नाहीत, एक बाजू रंगू द्यायची मग उलटायच्या. चार सेजची पानं, ती लोण्यात कुरकुरीत होतात, मम्मी म्हणाली हे ओव्याच्या पानासारखं दिसतंय, वास मात्र कापरासारखा. मग अर्धा कप सायडर. इथे सायडर म्हणजे दारू नाही, गढूळ तपकिरी ताजा सफरचंदाचा रस, शरद ऋतूत मोठ्या कॅनमध्ये मिळतो, दारूवाल्याला हार्ड सायडर म्हणतात. सायडर पडला की चर्र्र, लाकडी चमच्याने तळ खरवडायचा, एक छोटा चमचा मोहरीची ती फ्रेंच पेस्ट, निम्मं आटवायचं. ताटात चॉप्सचा जो रस सुटलेला असतो तो पण त्यात.

कापला. आतून हलका गुलाबी, रस निघतोय, मी मनात टाळ्या वाजवतेय.

"अगं कच्चं आहे ते!"

मम्मी ताटाला हात लावेना. मी थर्मामीटर दाखवला, ती म्हणाली मला ताप नाही. मी सांगितलं की इथल्या सरकारच्या शेतीखात्यानेच २०११ मध्ये बदललंय, आधी १६० फॅरनहाइट सांगायचे, आता अख्ख्या तुकड्याला १४५ आणि वर तीन मिनिटं थांबायचं, सेल्सिअसमध्ये ६३. खिम्याला मात्र अजून १६०. पोर्कमधल्या ज्या ट्रिकिनेला नावाच्या कृमीला सगळे घाबरायचे तो १३७ ला मरतो, आणि डुकरांना न शिजवलेलं खरकटं घालायला १९८० च्या कायद्याने बंदी आहे. सगळा अभ्यास एका दमात म्हणून दाखवला.

ती शांतपणे म्हणाली, "तुझ्या सरकारने आपल्या गावची डुकरं बघितलीयत का?"

आणि तिचं बरोबर आहे ना. तिच्या लहानपणी डुकरं कुठे चरायची, काय खायची हे तिने डोळ्याने बघितलंय. पट्टकृमीच्या गाठी असलेलं डुक्कर नीट शिजवलं नाही तर तो कृमी माणसाच्या पोटात वाढतो, आणि त्याची अंडी अस्वच्छ हातातून-पाण्यातून पोटात गेली तर डोक्यात गाठी होतात, फिट्स येतात, आपल्याकडे हे अजूनही होतं. म्हणजे माझ्या वसईच्या आजीने मम्मीला आणि मम्मीने मला जे बजावलं ती अंधश्रद्धा नव्हती, त्या डुकरासाठी तेच बरोबर होतं. मी पण गावी गेले की असलं गुलाबी-बिलाबी काही करणार नाही, इंद्यालच करेन. फक्त हे डुक्कर वेगळं, आणि तुकडा वेगळा, एवढंच मला तिला सांगायचं होतं, पण भूक लागलेल्या माणसांत असलं बोलणं नीट होत नाही.

तिने स्वतःचा चॉप उचलला, परत पॅनमध्ये टाकला, झाकण ठेवलं आणि दहा मिनिटं हात बांधून उभी राहिली. आम्ही जेवायला सुरुवात केली. ती तिचा घेऊन आली, कापला, चावला, चावत राहिली. सफरचंदाच्या फोडी मात्र सगळ्या संपवल्या, नवऱ्याच्या ताटातल्या दोन पण उचलल्या. मग थोड्या वेळाने काही न बोलता माझ्या ताटातून हाडाजवळचा तुकडा, तिथे जरा जास्त शिजलेलं असतं, तो काट्याने काढून घेतला. मग त्याच्या बाजूचा. मग हाडच घेतलं, हाताने, आणि बसली चोखत.

"मीठ बरोबर पडलंय," म्हणाली. आमच्या घरात याच्यावर कौतुक नसतं.

मग उठली, कपाटातून तिची ती बाटली काढली आणि पॅनमध्ये उरलेल्या सॉसमध्ये चमचाभर शिरका ओतला. मी म्हटलं अगं सफरचंद आंबट आहेच की. "गोड जास्त झालंय तुझं, चाटून बघ." चाटून बघितलं. आता मी नेहमीच घालते, गावचा शिरका संपला तेव्हापासून इथलं सायडर व्हिनेगर, शेवटी, गॅस बंद केल्यावर. बाजूच्या आजीला पण दिलं करून, तिने सॉस ब्रेडने पुसून खाल्ला आणि विचारलं यात काय वेगळं आहे, मी सांगितलं मम्मी.

मार्चमध्ये मम्मी परत गेली. बॅगेत चॉकलेटं, बदाम, आणि माझ्याकडून मागून घेतलेला एक थर्मामीटर, केकसाठी लागेल म्हणाली. ईस्टरला सकाळी सकाळी फोटो आला, मोठं टोप, वर लालभडक तेल सुटलेलं इंद्याल, त्यात थर्मामीटर खुपसलेला, आकडा २०३. खाली लिहिलेलं, तुझं १४५, माझं २०३, बघ.